टेंडर वाचलंय का कुणी?

रस्त्याच्या एका करारावरून कोल्हापूर पेटलं, टोल गेला, पण बिल कुणी भरलं? आता अंबाबाईच्या देवळाभोवतीचं जुनं शहर बदलायला निघालंय. या वेळी तरी सही व्हायच्या आधी कागद वाचूया की!

मोबाइलचा प्लॅन घेताना आपण चार साइट्स पालथ्या घालतो. होमलोन काढताना 'हिडन चार्जेस किती?' हा प्रश्न तोंडपाठ असतो. फ्लॅटच्या अॅग्रीमेंटवर सही करण्याआधी वकील मित्राला गाठून, मिसळ खिलवून, त्याच्याकडून एकेक कलम वाचून घेतो. एवढे सगळे आपण स्मार्ट! पण ज्या शहरात तो फ्लॅट आहे, ते शहर आपल्या नावावर कोणकोणत्या करारांवर सह्या करतंय, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असतं?

'ते नगरसेवकांचं काम,' असं म्हणून आपण मोकळे होतो. शुक्रवारी रात्री पुण्याहून गावाकडे निघालेल्या बसमधली आपली पिढी तर गावाच्या खड्ड्यांवर फक्त जोक मारते. गंमत अशी, की त्या खड्ड्याचाही एक कागद असतो. त्यावर किंमत असते, मुदत असते, सही असते. आणि तो कागद तुम्हाला पाहता येतो.

कोल्हापूर या विषयासाठी एकदम परफेक्ट गाव आहे. नगरपालिका १८५४ सालची, महापालिका १५ डिसेंबर १९७२ पासूनची. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत. म्हणजे कुठलंही टेंडर निघालं की त्याचा ठेकेदार कुणाच्या तरी मामाच्या ओळखीचा निघणार, इतपत छोटं. आणि एका कराराने अख्ख्या राज्याच्या टोल धोरणावर चर्चा घडवून आणावी, इतपत खमकं!

टोल गेला, बिल राहिलं

आधी त्या फेमस प्रकरणाची उजळणी करू. शहरातले सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते एकदमच चकाचक करायचे, असं ठरलं. खर्च २२० कोटींचा. महापालिकेच्या तिजोरीत एवढा पैसा कुठून असणार? मग उत्तर सापडलं बीओटी. म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतर करा'. कंपनीने स्वतःच्या पैशाने रस्ते बांधायचे आणि तो पैसा ३० वर्षं टोलमधून वसूल करायचा. महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी समूहाची कंपनी, असा तिघांचा मामला. जोडीला टेंबलाईवाडी भागातला सुमारे ३० हजार चौरस मीटरचा भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने.

२००९ च्या सुमारास काम सुरू झालं, तेव्हा गावात फारसा आवाज नव्हता. रस्ते होतायत म्हटल्यावर कोण नको म्हणेल? पण तेव्हा जे पोर बालवाडीत होतं, ते पस्तिशीला टेकेपर्यंत आपल्याच गावात शिरायला टोल भरणार होतं! हे गणित लोकांच्या डोक्यात शिरलं ते शिरोली, फुलेवाडी, कळंब्याच्या रस्त्यांवर नाके उभे राहिले तेव्हा. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेला टोल भरणं वेगळं आणि मंडईतून भाजी आणायला टोल भरणं वेगळं, हे समजायला एमबीए लागत नाही.

ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ रस्त्यावर उतरले. मोर्चे निघाले, बंद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. १२ जानेवारी २०१४ च्या रविवारी जमावाने नाके पेटवून दिले. नंतर स्थगिती, पुन्हा वसुली, पुन्हा आंदोलन... शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने कोल्हापूरचा टोल कायमचा रद्द केल्याची घोषणा केली. ती ऐकायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला त्यांचं निधन झालं.

विजय झाला, साखर वाटली गेली. पण स्टोरी इथे संपत नाही, बॉस! करार मोडला की भरपाई आली. कंपनीचं म्हणणं साधं होतं, आम्ही कराराप्रमाणे पैसा घातलाय, तो परत द्या. मग रस्त्यांची मोजणी झाली, मूल्यांकनासाठी समित्या बसल्या, कुठली कामं अपुरी आणि कुठली पुरी यावर वाद झाले आणि अखेर साडेचारशे कोटींहून जास्त रकमेचा भार सरकारी बाजूने उचलला गेला. २२० कोटींचे रस्ते म्हणून सुरू झालेली गोष्ट या आकड्याला येऊन थांबली. टोलचा काऊंटर बंद झाला, पण बिल फाटलं नाही. ते दुसऱ्या काऊंटरवर गेलं, आणि तिथे रांगेत महाराष्ट्रातला प्रत्येक करदाता उभा होता.

यातून आंदोलन चुकीचं होतं, असा अर्थ कुणी काढू नये. माझ्या मते ते उशिरा झालं. करार कागदावर होता तेव्हा एखादी दुरुस्ती, एखादी हरकत फुकटात झाली असती. नाके उभे राहिल्यावर प्रत्येक हरकतीची किंमत कोटींत गेली.

एक टेंडर, सात टेबलं

मग हा कागद फिरतो कसा? मी महापालिकेच्या जिन्यांवर बऱ्यापैकी चपला झिजवल्यात, त्यामुळे थोडक्यात सांगते. मोठा प्रोजेक्ट असो की तुमच्या गल्लीतलं गटर, रूट साधारण असाच असतो.

टेबल पहिलं, बजेट. कामाची मागणी येते आणि तिला बजेटमध्ये जागा मिळते. टेबल दुसरं, एस्टिमेट. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मोजमाप घेतो आणि सरकारी दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक बनवतो. इथे दर ठरलेले असतात, पण 'काय काय करायचं' हे माणूस ठरवतो. रस्ता करताना खालची जुनी पाण्याची लाइन बदलायची की नाही, हे इथेच ठरतं. नाही ठरलं, तर नवा रस्ता सहा महिन्यांत पुन्हा खोदला जातो. आठवला का तुमच्या घरासमोरचा रस्ता?

टेबल तिसरं, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मंजुरी. चौथं, टेंडर. ठरावीक रकमेवरची टेंडरं ऑनलाइन निघतात. त्यात दोन लिफाफे असतात, एक तांत्रिक आणि एक दराचा. पहिल्यात पात्र ठरलात तरच दुसरा उघडतो. पाचवं, स्थायी समिती. सोळा नगरसेवकांची ही समिती म्हणजे महापालिकेच्या तिजोरीची चावी. मोठ्या रकमांची टेंडरं तिच्याकडून मंजूर होतात, म्हणून तर तिच्या सभापतिपदासाठी एवढी चुरस असते. सहावं टेबल वर्क ऑर्डरचं.

आणि सातवं टेबल म्हणजे मोजमाप पुस्तक, ज्याला सगळे नुसतं 'एमबी' म्हणतात. किती काम झालं याची नोंद एमबीत होते आणि एमबीवर बिल निघतं. रस्ता तीन इंचांचा की दोन इंचांचा, याचा खरा निकाल या पुस्तकात लागतो. एवढं महत्त्वाचं पुस्तक, पण सर्वसामान्य माणसाने त्याचं नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

कोल्हापुरात या साखळीला मध्ये एक ट्विस्टही आला. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि थेट जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकराज होतं. म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ प्रस्ताव मांडणारं आणि मंजूर करणारं ऑफिस एकच! नगरसेवक भांडतात, गोंधळ घालतात, हे मान्य. पण त्या भांडणातूनच निम्म्या बातम्या बाहेर पडतात. भांडणच नसेल तर कागद गुपचूप पुढे सरकतो.

'बिलो'चा फंडा

ठेकेदारांच्या जगातला सर्वात लाडका शब्द म्हणजे 'बिलो'. एस्टिमेट एक कोटीचं, ठेकेदाराने ७५ लाखांत करतो म्हटलं, की टेंडर '२५ टक्के बिलो' गेलं. सर्वात कमी दरवाल्याला काम मिळतं. ऐकायला किती छान! पालिकेचे २५ लाख वाचले.

पण वाचले का? छोटी कामं घेणाऱ्या एका तरुण ठेकेदाराला मी हेच विचारलं. तो हसला. म्हणाला, "ताई, डांबर काय मला बिलो मिळतंय व्हय?"

विषय संपला! डांबर, सिमेंट, मजुरी, टॅक्स सगळं बाजारभावाने. मग कमी कुठे होणार? जाडीत, दर्जात किंवा कामाच्या वेगात. म्हणूनच फार खाली गेलेल्या दरासाठी ठेकेदाराकडून वाढीव अनामत घेण्याची तरतूद असते. शिवाय असतो दोषदायित्व कालावधी. या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. म्हणजे नव्या रस्त्यावरचा खड्डा बऱ्याचदा अजून 'वॉरंटी'त असतो. मोबाइलची वॉरंटी संपायच्या आदल्या दिवशी आपण सर्व्हिस सेंटर गाठतो. रस्त्याची वॉरंटी मात्र कुणी विचारतच नाही.

उलटी युक्तीही असते. एका मोठ्या कामाचे छोटे तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येक तुकडा मर्यादेच्या खाली राहतो आणि मोठ्या टेंडरच्या अटी टळतात. एकाच रस्त्यावर एकाच महिन्यात चार 'किरकोळ' कामं दिसली, की समजा काहीतरी शिजतंय.

कागद चांगला, तरी नऊ वर्षं

सगळा दोष टेंडरमधल्या लबाडीचा असतो असंही नाही. काळम्मावाडी धरणातून शहरात थेट पाइपलाइनने पाणी आणायचं, ही कोल्हापूरकरांची जुनी मागणी. २०१३ मध्ये योजना मंजूर झाली, २०१४ मध्ये काम सुरू झालं. खर्च पाचशे कोटींच्या घरातला, लांबी सुमारे ५३ किलोमीटर. काम तीनेक वर्षांत होईल असं वाटत होतं. पाणी शहरात पोचलं नोव्हेंबर २०२३ च्या दिवाळीत!

का? पाइप टाकायचे तर वाटेत वन खातं, पाटबंधारे, सार्वजनिक बांधकाम, ग्रामपंचायती, शेतकरी... प्रत्येकाची परवानगी वेगळी. मध्ये २०१९ आणि २०२१ चे महापूर, त्यात कोविड. वर्क ऑर्डर निघाली म्हणजे काम सुरू होतंच असं नाही. 'जागा ताब्यात आहे का? परवानग्या हातात आहेत का?' हे दोन प्रश्न टेंडरच्या आधीचे आहेत. ते नंतर विचारले की एकेका परवानगीपायी वर्षं जातात. आणि या सगळ्या काळात गल्लोगल्ली टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना 'पाइपलाइन येतेय' एवढंच उत्तर मिळत राहिलं.

आता नंबर महाद्वार रोडचा

हे सगळं आजच का उगाळायचं? कारण आता विषय थेट शहराच्या काळजाचा आहे.

६ मे २०२५ रोजी चौंडीत झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिर परिसराच्या सुमारे १,४४५ कोटींच्या विकास आराखड्याला मंजुरी मिळाली. २२० कोटींच्या रस्त्यांनी काय रामायण घडवलं ते आपण पाहिलं. हा आकडा त्याच्या साडेसहा पट आहे! आणि हे काम शहराबाहेरच्या मोकळ्या माळावर नाही. महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, भवानी मंडप, बिंदू चौक अशा चिंचोळ्या, गजबजलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या धंदा चाललेल्या भागात आहे. भूसंपादन हा त्यातला मोठा हिस्सा.

गर्दी खरी आहे. नवरात्रात किंवा सुट्टीच्या वीकेण्डला या रस्त्यांवरून चालून बघा, पार्किंगपासून टॉयलेटपर्यंत सगळ्याची बोंब. बदल हवाच, यात दुमत नाही. पण इथलं शहर म्हणजे नुसती रुंदी नाही. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या मूर्तीला स्पर्श करतात. त्या किरणोत्सवात दरवर्षी अडथळे शोधले जातात, कुठलं बांधकाम, कुठली टाकी, कुठला बोर्ड आडवा येतो ते. विचार करा, सूर्याची वाट सांभाळण्यासाठी इमारतीची उंची बघावी लागणारं हे डाउनटाउन आहे! कुठल्या तरी दुसऱ्या तीर्थक्षेत्राचा कॉरिडॉर इथे कॉपी-पेस्ट होणार नाही.

महाद्वार रोडवरच्या एका दुकानदार काकांशी गप्पा मारत होते. दुकान तीन पिढ्यांचं, पण जागा भाड्याची. मी विचारलं, "काका, आराखडा बघितलाय का तुम्ही?"

"चित्र बघितलंय की. लई झ्याक आहे. फक्त माझं दुकान कुठं दिसंना त्यात!"

हाच कळीचा मुद्दा. थ्रीडी चित्रात झाडं असतात, कारंजी असतात, हातात हात घालून चालणारी माणसं असतात. भाडेकरू नसतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत फक्त मालक धरलेला नाही. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात काम करणारी, त्यावरच पोट असलेली कुटुंबं आणि भाडेकरूही त्यात येतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि शहर फेरीवाला समितीत त्यांचे ४० टक्के प्रतिनिधी असावे लागतात. पण हे हक्क आपोआप घरपोच येत नाहीत. सर्व्हेच्या यादीत नाव लागलं का, कुठल्या कॉलममध्ये लागलं, मालकाच्या रकान्यात की भोगवटादाराच्या, हे ज्याचं त्याने बघावं लागतं. काकांचा मुलगा पुण्यात आयटीत आहे. या कामी बापाला त्याच्याइतका उपयोगी माणूस दुसरा कुठला?

शहर छान वसवायचं कसं, हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. शाहू महाराजांच्या काळात, १८९५ मध्ये शाहूपुरीची गूळबाजारपेठ उभी राहिली. पुढे राजारामपुरी आखली गेली. आजही तिथे पहिल्या गल्लीपासून पुढे नंबरावर पत्ता सापडतो, गूगल मॅप न उघडता. तेव्हा शब्द दरबाराचा होता, आज मालक नागरिक आहे. आणि मालकाने हिशेब विचारायचा असतो.

तुमच्या गावासाठी सहा प्रश्न

हे फक्त कोल्हापूरकरांसाठी नाही. सांगली, सातारा, अहिल्यानगर, लातूर, तुमचं गाव कुठलंही असो, पुढच्या सुट्टीत हे ट्राय करा.

१. पैसा कुठून येणार? अनुदान, कर्ज, की आपल्याच खिशातून पुढची तीस वर्षं?

२. करार मध्येच मोडला तर कोण कुणाला किती देणार? हे कलम सर्वात शेवटी असतं, ते सर्वात आधी वाचा.

३. पालिकेची कुठली जमीन या व्यवहारात जातेय? किती वर्षांसाठी आणि किती भाड्याने?

४. टेंडर किती 'बिलो' गेलं आणि एकूण किती जणांनी भरलं? एकच आलं असेल तर कान टवकारा.

५. जागा आणि परवानग्या हातात आहेत का?

६. दोषदायित्व कालावधी कधी संपतो? ती तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडरला टाका!

उत्तरं कुठे मिळतील? माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवसांची. २००५ च्या या कायद्यात कागदांच्या प्रतीच काय, काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे रस्त्याच्या खडी-डांबराचा नमुनासुद्धा तुम्ही मागू शकता! त्यातही कलम चारप्रमाणे बरीच माहिती अर्जाशिवाय, आपणहून जाहीर करायची असते. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. जाहिरात पेपरात येते, बारीक टायपात, बहुधा आपण ज्या पानावर थांबत नाही त्या पानावर. त्या मुदतीत दिलेली एक पानी हरकत ही नंतरच्या दहा मोर्चांपेक्षा स्वस्त पडते.

कोल्हापुरात आता ८१ नगरसेवकांचं नवं सभागृह आहे. एका प्रभागात साधारण चार नगरसेवक, त्यामुळे 'ते माझं काम नाही, त्याला विचारा' हे उत्तर चौघांकडूनही मिळू शकतं. ऐकून घ्या आणि चौघांनाही एकच प्रश्न लेखी विचारा. मंदिराच्या आराखड्यातलं प्रत्येक टेंडर, प्रत्येक संपादनाची यादी, प्रत्येक करार या सभागृहाच्या काळात पुढे सरकणार आहे. काही कागद तुम्ही हे वाचत असताना एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात असतील.

टोलच्या वेळी या गावाने दाखवून दिलं, की ते पेटून उठू शकतं. ते सगळ्यांनाच माहीत आहे. पेटायची वेळ येण्याआधी शांतपणे बसून शंभर पानं वाचणं हे जास्त कंटाळवाणं काम आहे, त्याचे फोटो छान येत नाहीत आणि त्यावर कुणी घोषणा लिहीत नाही. पण महाद्वार रोडवरच्या त्या दुकानाचं पुढे काय होणार, हे ठरेल ते त्या शंभर पानांत.